उत्तरेच्या भिंतीचा कोंडलेला श्वास

मी एक जुनी दगडी भिंत आहे, मित्रांनो, आणि मला घडीभरही स्वस्थता नाही. भिंतीला कसली आली अस्वस्थता, असे तुम्ही म्हणाल. पण ज्याचा श्वास कोंडला आहे, त्याला विचारून पाहा.

इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या डोंगरात थॉर्नबेक नावाचे गाव आहे. तिथल्या लहानशा चर्चची उत्तरेची भिंत म्हणजे मी. ओढ्याकाठचे दगड आणून गवंड्यांनी मला आत-बाहेर दोन अंगांनी रचले आणि मधल्या पोकळीत बारीक दगड व चुना ठासला. काही ओळी माशाच्या काट्यासारख्या तिरप्या लावल्या. त्यांच्यावरून लोक अजून बोट फिरवतात. मला एकच अरुंद खिडकी, वर गोल कमान. एक बुटके दारही होते. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी ते उघडे ठेवत, सैतानाला पळायला वाट हवी म्हणून. पुढे ते दगडांनी बुजवले. सैतान आत राहिला की बाहेर, देव जाणे!

राजे बदलले, प्रार्थना लॅटिन सोडून इंग्रजीत आली, मी तिथेच उभी होते. पाऊस माझ्यात शिरे आणि दगडांमधल्या चुन्याच्या दरजांतून वाऱ्याबरोबर निघूनही जाई. तोच माझा श्वास. चुना झिजला की कोणीतरी तो पुन्हा भरी.

मग एमॉस थ्वेट आला. मोठा मायाळू माणूस. माझा चुना गळताना त्याला बघवेना. “म्हातारीला पुन्हा थंडी वाजायला नको,” असे म्हणत त्याने गाव गोळा केले आणि माझ्या साऱ्या दरजा सिमेंटने बंद केल्या. बायकांनी चहा आणला, सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मलाही नव्या कपड्यांसारखे वाटले. पण हिवाळा आला आणि ओल आत अडकली. ती गोठली, फुगली आणि माझ्याच दगडांना कुरतडू लागली. वर्षे गेली. दगड झिजून आत गेले. सिमेंट तेवढे फासळ्यांसारखे वर राहिले.

एमॉसची मुलगी ऑड्री आता चर्चची कारभारीण आहे. पाय सुजोत की बर्फ पडो, रोज सकाळी ती येते आणि एकटी असली तरी प्रार्थना म्हणते. गेल्या वर्षी जुन्या इमारतींची एक जाणकार बाई आली. माझे पोट पुढे आलेले पाहून ती म्हणाली, “हे सिमेंट काढून चुना भरा. नाहीतर भिंत बसेल, आणि त्याआधी चर्चला कुलूप लागेल.”

“माझ्या बाबांच्या कामाला कुणी छिन्नी लावायची नाही,” ऑड्री म्हणाली.

पाद्री हिलरीबाईंनी समजावून पाहिले. ऑड्री कामाच्या कागदावर सही करीना, काम पुढे सरकेना. माझ्या पोटात रोज काहीतरी भुरभुरत होते आणि मला ओरडता येत नव्हते.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आईचा रविवार येतो. त्या दिवशी आमचे गाव हातात हात धरून, चर्चकडे तोंड करून, गाणे म्हणत चर्चला कडे करते. आईला मिठी मारतात तशी. कडे पुरे व्हायला हवे, ही रीत. पण गावात माणसे उरली थोडी. म्हणून अलीकडे माझी बाजू वगळत. इथे ऊन नाही, चिखल फार.

“यंदाही उत्तर राहू द्या ना,” मेंढ्या पाळणारा डग्लस म्हणाला. “बूट नवे आहेत माझे.”

“आईला मिठी मारायची आणि पाठ उघडी टाकायची? चल मुकाट्यानं. बूट धुता येतात,” ऑड्री म्हणाली.

“अगं, पण माणसं कुठायत एवढी?”

“गळ्यातले मफलर सोडा सगळ्यांनी. आणि तू कुत्र्याचा पट्टा आण.”

हात, मफलर, पट्टा असे करत कडे जुळले. माझ्या वाट्याला ऑड्री आणि डग्लस आले. कडे इतके ताणले गेले की ऑड्रीचा गाल माझ्या दगडाला टेकला. तेवढ्यात डग्लसचा पाय घसरला. मफलर न सोडता त्याने आधाराला कोपर माझ्यावर टेकवले, आणि माझा एक पापुद्रा खाली पडला.

“ऑड्री, ही तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी सुटतेय!”

“चेष्टा पुरे.”

“देवाशपथ, चेष्टा नाही गं.”

ऑड्रीने गाल दगडावरून उचलला. तिचा गाल ओला झाला होता. आकाश तर कोरडे होते.

“घामेजलीय ही,” ती हळूच म्हणाली. “शेवटच्या दुखण्यात बाबांना दम लागे, तेव्हा मी आधी त्यांचं गळ्याचं बटण सोडायची.” तिने गाल पुन्हा माझ्यावर टेकवला. “हिचं बटण बाबांनीच लावलंय, डग्लस.”

गाणे संपेपर्यंत तिने मफलर सोडला नाही. मग आत जाऊन सही केली.

ईस्टरनंतर गवंडी आले. पहिली छिन्नी ऑड्रीने स्वतः लावली. काम खाली कोपऱ्यापर्यंत आले, तसे तिने गवंड्यांना थांबवले. तिथे ओल्या सिमेंटवर एमॉसने आपला पंजा उमटवला होता.

“एवढं राहू द्या.”

“त्याच्यामागे ओल साचेल, ऑड्रीबाई,” हिलरीबाई म्हणाल्या.

“साचू दे. एवढ्यानं मरत नाही ती.”

“एमॉस स्वर्गाच्या फाटकाच्या फटी बुजवत असेल आता,” डग्लस म्हणाला, आणि ऑड्री डोळे पुसत हसली.

मित्रांनो, मी अजून पुरती वाळलेली नाही. वारा आला की दरजांतून काहीतरी निघून जाते आणि मी दचकते. मोकळ्या श्वासाची सवयच राहिली नव्हती. तुमच्याही गावात जुन्या भिंती, कमानी, पायऱ्या असतील. त्यांना जरूर जपा. पण जपायच्या आधी हात लावून, गाल टेकवून विचारा, बाई गं, तुला काय दुखते?

त्या पंजामागची जागा पावसात ठसठसते. रोज प्रार्थनेआधी ऑड्री वळसा घालून मागे येते आणि त्या पंजावर आपला हात ठेवते. तेवढी कळ मी सोसते.