वाटीखालची पट्टी की मांडीमागची शीर

चुलतभावाच्या वरातीत बँडवाल्यानं गाणं बदललं तेव्हा मी हवेत होतो. खाली आलो तेव्हा गुडघ्यातलं लिगामेंट फाटलेलं होतं.

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, वाटीखालची पट्टी दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट काढून आत बसवू. काम पक्कं, खेळाडूंसाठी उत्तम. फक्त गुडघे टेकताना दुखू शकतं. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, मांडीमागची शीर दुमडून लावू. तुमच्यासारख्यांना पुरे.

‘तुमच्यासारख्यांना’ हे मला गुडघ्यापेक्षा जास्त लागलं. अंजनगाव सुर्जीत मी कबड्डीचा चढाईपटू होतो. अजून आहे की नाही, एवढंच ठरायचं होतं.

माझे जुने पकडवाले, विपुल आणि गुलफाम, या दुखण्यात माझे सीनियर. विपुलच्या गुडघ्यात अकोल्याची पट्टी. गुलफामनं नमाजाला अडचण नको म्हणून अमरावतीला शीर लावून घेतली. दोघंही आपलीच भारी म्हणत. शेवटी प्रत्यक्ष तुलना करायचं ठरलं. दोन्ही शहरांच्या मधे मूर्तिजापूर, म्हणून तिथं.

तिथल्या शकुंतलेच्या, आमच्या जुन्या छोट्या रेल्वेच्या, बंद रुळांवर आता बाभळी आहेत. पूर्वी आम्ही चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायचो आणि त्याच डब्यात परत चढायचो. कुणाचंही लिगामेंट फाटलं नाही. गाडीच समजूतदार होती.

रुळांशेजारी विपुलनं चपलेनं रेषा ओढली. मी गुडघ्याचा पट्टा घट्ट करून, लंगडत चढाईला गेलो. दम धरला तर आवाज शाळेतलाच निघाला. माझा घोटा धरायला विपुल गुडघ्यावर बसायला गेला आणि अर्ध्यातच विचारात पडला. गुलफाम ऐटीत टेकला, पण पाय अडकवताना त्याच्या मांडीत गोळा आला. तरी दोघांनी मला धरलं आणि काचेचं कपाट उतरवावं तसं खाली ठेवलं.

“आउट,” गुलफाम म्हणाला.

“कसा आउट बे? बोट रेषेले लागलं,” मी म्हणालो.

“तुह्यं बोट यवतमाळले लागलं,” विपुल म्हणाला.

ऊन उतरेपर्यंत भांडलो. शिरा, पट्ट्या, कुणाला आठवल्या नाहीत.

“पाय दुरुस्त करून ये,” गुलफाम म्हणाला, “मंग दाखवतो.”

सोमवारी अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे पाहत विचारलं, पुन्हा खेळायचंय?

“हो. एक चढाई वादात आहे,” मी म्हणालो.

त्यांनी वाटीखालची पट्टी लिहिली.