डोमाचा दुसरा तलाव

डोमाचा पहिला तलाव कोळशाच्या खाणीनं नेला. राजुऱ्याकडचं त्याचं गाव, बाप-आज्यापासून मासेमारी. आता तलावाच्या जागी खाणीच्या मातीचा डोंगर आहे. मासेमार संस्था मात्र शिल्लक आहे आणि तिची वार्षिक सभा अगदी वेळेवर होते. विषय क्रमांक एक : तलाव नसल्याची नोंद घेणे.

दुसरा तलाव डोमाच्या मोबाइलमध्ये होता. कॉलेजात जाणाऱ्या रीतानं बापाला गंमत म्हणून मासेमारीचा गेम टाकून दिला. त्यात आपला तलाव आपणच मांडता येतो हे कळल्यावर डोमानं 'विकत घ्या' हे बटण दाबून चारशे नव्याण्णवमध्ये अख्खा तलाव घेतला. तीन वर्षं खपून जुन्यासारखी पाळ घातली, बाप जाळं वाळत घालायचा तिथं बांबू रोवले. मासे परदेशी होते. डोमा सगळ्यांना मरळच म्हणे. संध्याकाळी भाकरी टाकताना बायको कुंता विचारायची, "गेल्ते का तलावावर?" डोमा खाटेवरून न उठता सांगायचा, "आत्ताच आलो."

मग एक दिवस रीतानं मोबाइलवरचा निरोप वाचून दाखवला.

"बाबा, कंपनी गेम बंद करून राह्यली. तीस तारखेले, दुपारी बारा वाजता."

"अन् माहा तलाव?"

"तोबी जाते. तुमी इकत घेतलाच नव्हता म्हनते. नुसती वापरायची परवानगी होती."

"मंग बटनावर का लिवलं होतं?"

रीतानं खाली सरकवत सरकवत नियम दाखवले. एवढी बारीक अक्षरं डोमानं आजवर फक्त कीटकनाशकाच्या बाटलीवर पाहिली होती.

पण तलाव जाण्याचा त्याला अनुभव होता. ठेका संपला की मासे काढायला मुदत मिळते. संस्थेचे सचिव बापूराव यांच्याकडून त्यानं लेटरहेडवर अर्ज लिहून घेतला : मासे काढून नेण्यास एक महिना मिळावा व ताबा घेण्यापूर्वी जनसुनावणी व्हावी. खाली गोल शिक्का. रीतानं फोटो काढून पाठवला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं : 'प्रिय डोमा, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

"खाणवाल्यायनं तरी सुनावणीले मंडप टाकला होता गा," डोमा म्हणाला. "चहा देल्ला होता."

"बिस्किटबी," बापूराव म्हणाले.

खाणीची कधी इतक्या मायेनं आठवण काढू, असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

तीस तारखेला साडेअकराला डोमा खाटेवर मोबाइल घेऊन बसला. कुंता हात पुसत शेजारी आली आणि तिनं पहिल्यांदाच तलाव नीट पाहिला.

"अजी, हा धुन्याचा गोटा तिथी काऊन ठेवला?"

"तिथीच होता."

"नाई. पार सांडव्याजवळ होता. मी धुनं धुवायची, अन् तुमी डोंग्यातून माह्याकडे पाहत राहायचे. इथून तर मी दिसलीच नसती."

डोमानं विचार केला. खरंच दिसली नसती. तो गोटा उचलू लागला. गेममध्ये गोटा एका वेळी वीतभरच सरकायचा.

"बाबा, वीस मिनिटात सगळंच जाऊन राह्यलं," रीता म्हणाली. "आता कायले हलवता?"

"चुकीचा तलाव देऊ का कंपनीले?"

बाराला एक मिनिट उरलं तेव्हा कुंतानं काचेवर बोट टेकवलं. "अजून जरासा. इकडे आना."

डोमानं आणला. पडदा पांढरा झाला. कुंताचं बोट तिथंच होतं.

"हां," ती म्हणाली, "इथीच."