कानबाईची अकरा गाणी

मी एक जुना फोन आहे. श्रावणातल्या त्या रविवारी पर्वत पाटिया वस्तीतल्या घरात कानबाई देवी बसली, नैवेद्याचे रोट झाले, बायका चौरंगापुढे जमल्या, आणि सुकलालने मला हातात घेतलं. त्याच्या बायकोची, इंदुबाईची, अकरा गाणी माझ्यात नव्हती. मित्रांनो, त्या दिवसापासून माझा राग गेलेला नाही.

सुकलाल कडोदऱ्याला कापडाचा लूम चालवतो. सहा वर्षांपूर्वी त्याने मला इंदुबाईसाठी आणलं. ती घरी साड्यांना टिकल्या लावायची, व्यापारी नमुन्यांचे फोटो माझ्यावर पाठवायचा. माझी काच कायम गोंदाने चिकट. शेजारची पुष्पाबाई म्हणायची, फोनला पण टिकल्या लावून दे, विकला जाईल. इंदुबाई हसायची आणि मला पदराने पुसायची. मला तेवढं कौतुक पुरे होतं.

मग ती आजारी पडली. कानबाईची सगळी गाणी त्या गल्लीत तिला एकटीलाच येत होती. आमच्या घरात ती गाणी कानबाईच्या दिवसाखेरीज कोणी म्हणत नाही. तरी वैशाखात, अंथरुणावर बसून, तिने ती माझ्यात भरली. आधी हात जोडले.

"कानबाई माय, माफ कर. तुना दिन नही, तरी गास."

आषाढात ती गेली. दुखवट्यामुळे त्या वर्षी घरात कानबाई बसली नाही. गाणी अवेळी ऐकायची नाहीत, म्हणून कोणी ती लावलीही नाहीत. मी कपाटात पडून राहिलो.

मुलगा विकास घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करतो. ऑफिसचा कोड यायला त्याला दुसरा फोन हवा होता. त्याने मला कोरा करायला घेतलं तेव्हा सुकलालने गाण्यांचं विचारलं. विकासने कानावरचे हेडफोनही काढले नाहीत. सगळं सिंक झालंय, म्हणाला.

लॅपटॉपवर गेले होते फक्त फोटो. आवाजाच्या फाइली पाठवायचं बटण बंदच होतं. बघायला एक मिनिट लागलं असतं. मी यंत्र आहे, पूस म्हटलं की पुसतो. विचारायचं काम माणसाचं.

"गाना कोठे शेतस?" पुढच्या श्रावणात, त्या रविवारी, सुकलालने विचारलं.

विकास लॅपटॉपमध्ये शोधत राहिला.

"तू एक तरी ऐकी दखं व्हतं का?"

"आबा, अवेळी ऐकायचं नाही, हे तुम्हीच म्हणत होता."

पुष्पाबाईने आठवतील तेवढ्या दोन ओळी म्हटल्या आणि पुढे ती अडली. सोमवारी कानबाईचं तापीत विसर्जन झालं. बापलेक तेव्हापासून जेवणापुरतं बोलतात.

मित्रांनो, गाणी जपायला आम्हा यंत्रांना सांगू नका. तुमच्या माणसाचा आवाज आमच्यात टाकून निर्धास्त होऊ नका. ते माणूस समोर आहे तोवर त्याच्याजवळ बसा, शिकून घ्या.

इंदुबाईची थोरली बहीण मालतीबाई शिरपूरला असते. तिला यातली सात गाणी येतात. तिला पंच्याहत्तरावं लागलंय. तिच्याकडे अजून कोणी गेलेलं नाही.