दोन सूर्यांचं वाळवंट

फोटोवाल्याने आयुष्यात वाळवंट पाहिलं नव्हतं, पण रंगवलं होतं. स्टुडिओच्या मागच्या भिंतीवर भला मोठा पडदा, त्यावर पिवळीधमक वाळू, खजुराची झाडं, एक तळं आणि गालातल्या गालात हसणारा उंट. नवी जोडपी, नुकतीच बसायला लागलेली बाळं, पास झालेली पोरं, सगळी त्या उंटाशेजारी उभी राहून गेली. हल्ली मात्र दुकान सूनबाई बघायची, आणि तिला भिंतीवर साधा हिरवा पडदा हवा होता. पुढचं सगळं म्हणे कॉम्प्युटर करतो.

"बाबा, त्या वाळवंटाला आता कोणी विचारत नाही," ती म्हणाली.

"हुबेहूब आहे ते."

"तुम्ही पाहिलंय?"

मग त्याने भर जेवणात जाहीर केलं की जाऊन बघून येतो. माझं वाळवंट खरं निघालं तर पडदा राहील, खोटं निघालं तर खुशाल उतरव. बोलून बसला आणि लगेच पस्तावला, कारण पडदा गेला तर त्या दुकानात त्याचं असं काही उरणारच नव्हतं. बायको मात्र खूश होती. हा माणूस आपणहून तिला कुठेतरी घेऊन निघाला होता, हेच नवल.

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर त्यांना एक वनरक्षक बाई भेटल्या. उघडी जीप, डोक्याला रुमाल आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू.

"खजुराची झाडं कुठल्या अंगाला आहेत?" फोटोवाल्याने बसता बसता विचारलं.

"नाहीत."

"बरं. तळं?"

"एका खड्ड्यात पाणी साचतं. ज्या वर्षी पाऊस येतो, त्या वर्षी."

"उंट तरी?"

"आत पाळीव जनावरांना बंदी आहे, काका."

बायको तोंड फिरवून हसू दाबत बसली.

वाळूसुद्धा बराच वेळ दिसेना. करड्या दगडांचं पठार, मधूनच कोरड्या नदीचं पांढरं पात्र आणि गुडघ्याएवढी काटेरी झुडपं. बाई झुडपाझुडपापाशी जीप थांबवायच्या. इथे कोल्ह्याचं बीळ, तिथे ऊन खात बसलेला सरडा. बायको जीपमधून अर्धी बाहेर लोंबकळून सगळं बघत होती. फोटोवाला एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून मागे बसला होता.

उन्हं कलल्यावर एकदाच्या वाळूच्या टेकड्या आल्या. पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली घसरत होतं. धापा टाकत तो माथ्यावर पोचला. टेकडीची एक बाजू लख्ख उजळली होती, दुसरी गडद जांभळी होती, आणि मधली धार इस्त्रीच्या घडीसारखी सरळ गेली होती. तो बघतच राहिला. मग मटकन खाली बसला आणि त्याने कपाळावर हात मारला.

"काय झालं? चक्कर आली का?" बायको घाबरली.

"अगं, सावली एकाच बाजूला आहे."

"मग? सूर्य एकच आहे की."

"माझ्या पडद्यावर दोन्ही बाजूंना आहे."

झालं होतं असं, की नमुना म्हणून त्याने स्टुडिओतल्या टेबलावर बांधकामाची वाळू ओतली होती, आणि सवयीप्रमाणे डावा-उजवा दोन्ही दिवे लावले होते. दोन दिव्यांनी दोन सावल्या पाडल्या आणि याने इमानेइतबारे दोन्ही रंगवल्या.

"एवढ्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही?" बायको म्हणाली.

"लोक फोटोत स्वतःचं तोंड बघतात. उंटाकडेसुद्धा कोणी धड पाहिलं नसेल."

"मी पाहिलंय. तो थेट तुमच्या थोरल्या भावासारखा दिसतो. तोंडावर कोणी बोललं नाही, इतकंच."

फोटोवाला इतका हसला की त्याच्याखालची वाळू सरकली आणि तो हातभर खाली गेला. खरं तर पैज हरला होता, वाईट वाटायला हवं होतं. पण कित्येक वर्षांत वाटला नव्हता एवढा आनंद त्याला होत होता. समोरची जांभळी सावली हळूहळू पसरत होती, तिच्या कडेला निळा येत होता, तळाशी तपकिरी. बाईंनी दोनदा हाक मारली, तरी तो हलला नाही.

फाटकावर रेंज आली तसा त्याने दुकानात फोन लावला.

"सूनबाई, पडदा उतरव."

"बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत. साफ चुकलंय माझं वाळवंट. लाव तुझा हिरवा."

"राहू द्या हो," तिचा आवाज एकदम मऊ झाला. "एका भिंतीला तो राहील. मला काही त्याची अडचण नाही."

"तो नको. पण भिंत देत असशील तर घेतो. कोरं कापड आण, नवीन रंगवणार आहे."

"खरंच? मग रंगही आणते. पिवळा किती लागेल?"

"पिवळा राहू दे," फोटोवाला म्हणाला. "जांभळा आण. भरपूर आण."