केशरबाईसाठी राखलेलं पाणी

मी सोसायटीचा निळा ड्रम बोलतोय. हसू नका, हसण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

सास्तूरच्या अलीकडच्या एका गावात, शेतकरी सोसायटीच्या गोदामात मी आलो तेव्हा माझ्या पोटात तुरीवरच्या अळीचं औषध होतं. अंगावर कवटी छापलेली. औषध संपलं आणि त्याच साली विहिरी आटल्या. टँकरचं पाणी साठवायला भांडं मिळेना, म्हणून गोदामात हमाली करणाऱ्या गोरोबानं मला घरी नेलं.

त्याच्या आईनं, हरणाबाईनं, मला राखेनं सात वेळा घासलं. चिंच लावली. आत डोकं घालून हुंगलं. "गेला बगा वास," म्हणाली आणि मला हळदकुंकू लावलं. अहो, वास गेला म्हणजे विष गेलं होय? माझ्या बुडाच्या शिवणीत ते तेलकट होऊन बसलं होतं.

गोरोबाची बायको केशरबाई तेव्हा पोटुशी होती. बाकी घर नदीच्या वाळूत खणलेल्या झऱ्याचं गढूळ पाणी प्यायचं. टँकरचं नितळ पाणी माझ्यात, आणि ते फक्त तिच्यासाठी. हरणाबाई स्वतः तांब्या भरून द्यायची. सासूची मायाच तशी! तिसऱ्या महिन्यात केशरबाईचं पोट पडलं. दुष्काळ हटला नाही; पुढच्या साली पुन्हा पडलं.

ते औषध माणसाला उभ्या उभ्या मारत नाही. अंग ज्या इशाऱ्यांवर बाळ वाढवतं, ते इशारेच बिघडवतं. मला ठाऊक होतं, पण ओरडायला तोंड कुठून आणू? इकडं हरणाबाई गोरोबासाठी दुसरी पोरगी बघायला लागली. एवढ्यात केशरबाईला तिसऱ्यांदा दिवस गेले. ती तांब्या घेऊन आली की मला धडकीच भरायची.

शेवटी ओळखलं ते शेजारच्या बानूबाईनं. तिच्या काही कोंबड्या माझ्या गळक्या तोटीखाली पाणी प्यायच्या. एका सकाळी ती पदरात अंडी घेऊन आली. कवच नाही, नुसता मऊ पापुद्रा.

"हरणाबाई, हितलं पाणी पिणाऱ्या कोंबड्यांचीच अशी निघत्यात. घरी डांबलेल्यांची धड हायती. ह्या ड्रमात काय व्हतं गं?"

"तुझ्या कोंबड्यांचं खापर माझ्या पाण्यावर फोडू नगंस! लई घासलाय म्या त्याला."

केशरबाई उंबऱ्यात उभी होती, हातात भरलेला तांब्या. तिनं तो तिथंच ओतला. मग येऊन माझी तोटी सताड उघडली.

"अगं, येड लागलं का तुला? टँकर आठ दिसांनी येतुया!" सासू धावली.

"आत्याबाई, मी झऱ्याचं पिईन. ह्या खेपेला मला लेकरू घालवायचं न्हाय."

हरणाबाई त्या चिखलातच मटकन बसली. "आदीची दोन म्याच पाजून घालवली का गं?"



केशरबाईला आता सातवा लागलाय. पोर पोटात लाथा मारतंय म्हणे. मी कुंपणाशी आडवा पडून होतो. आज गोरोबा छिन्नी-हातोडा घेऊन मला भोक पाडायला आला, तर केशरबाईचा भाऊ व्यंकट मध्ये पडला.

"दाजी, अंड्यांवरनं कुणी ड्रम फोडतंय व्हय? मला द्या की. माझ्या बायकूला, मालनला दिवस गेल्यात, तिच्यापुरतं चांगलं पाणी राहील."

गोरोबाचा उचललेला हात खाली आलाय.

अरे गोरोबा, बघत काय उभा राहिलास? त्या मालनला अजून काही माहीत नाही. माझ्यावर दया करू नकोस, बाबा. घाल घाव!