जावईबापूंचं बोट

मुलीकडे मी चार दिवसांसाठी आलो होतो. त्याला आता तीन महिने झाले. माझं घर बसने दोन तासांवर, पण सुटकेला अट होती. मुलीच्या कंपनीने बोटाला लावायचा एक चिमटा काढलाय. त्यातला दिवा बोटातून आरपार बघतो, नाडीची लाट टिपतो आणि हृदयापाशी प्रेशर किती असेल याचा अंदाज सांगतो. सलग सात सकाळी एकशे तीसच्या आत आलं, तर मी जायला मोकळा.

"अगं, दंडावरचं ठीक आहे की!"

"बाबा, दंडाचं मला सांगू नका. आत काय चाललंय ते बघायचंय."

पाच मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. आकडा थेट तिच्या फोनवर. सहा दिवस मी दगडासारखा बसायचो. सातव्या दिवशी घर डोळ्यांपुढे यायचं, छाती धडधडायची आणि आकडा एकशे चाळीस. पुन्हा पहिल्यापासून. असं चार वेळा झालं.

पाचव्या खेपेच्या सातव्या सकाळी मुलगी आंघोळीला गेली आणि जावईबापू दबक्या पावलांनी आले. माझ्या घोरण्याने त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"बाबा, आज माझं बोट घ्या. मी रोज पळतो. एकशे दहाच्या वर गेलं तर नाव बदलीन."

लावलं. दोघंही मख्खासारखे बसलो. एकशे अठ्ठावन्न.

"परत घ्या."

एकशे एकसष्ट.

मुलगी ओल्या केसांनीच फोन घेऊन बाहेर आली. "बाबा, हे काय? डॉक्टरांना सांगून गोळी वाढवते."

जावईबापू मानेनेच मला 'नको, नको' म्हणत होते. मी गप्प बसलो असतो, तर त्यांची गोळी माझ्या पोटात गेली असती आणि ते तसेच पळत राहिले असते.

"पोरी, ते बोट माझं नाही."

त्याच दिवशी डॉक्टरांनी जावईबापूंना औषध सुरू केलं. मुलीने माझी भरलेली बॅग उघडली.

"मी सातला निघते. हे आपणहून चिमटा लावतील, यावर माझा काडीचा विश्वास नाही. तुम्ही समोर बसा."

"किती दिवस?"

"उतरेपर्यंत."

तेव्हापासून रोज बसतो. काल जावईबापू पाचही मिनिटं दातओठ खात माझ्याकडे बघत होते. एकशे सत्तर. मुलीने त्यांच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून मला दिला.