दोन कढयांची जिलेबी

मत गुप्त असतं, असं कायदा म्हणतो. वडवणीजवळच्या आमच्या गावात मात्र माणूस दाढी कुणाकडं करतो, एवढ्यावरून त्याचं मत कळतं. मागच्या निवडणुकीपासून गावाचे दोन गट पडले. न्हावी, किराणा, पिठाची गिरणी, सगळं वाटून झालं. झेंड्याचा खांब एकच होता, म्हणून देश तेवढा वाटायचा राहिला.

त्या खांबाजवळ आश्रुबा अठ्ठावीस वर्षं दर सव्वीस जानेवारीला जिलेबी तळतो. झेंडावंदन झालं की सगळं गाव त्याच्या कढईभोवती. तो विरुद्ध गटाचा आहे, हे अर्जुनरावांना यंदा आठवलं. ते दुसऱ्या गटाचे पुढारी. "यंदा आपली जिलेबी आपल्याच माणसाची," असं फर्मान निघालं आणि युसूफ वडगाव नावाच्या गावाहून तानाजी हलवाई आला.

"आवो, जिलेबीला बी पक्ष असतो का?" अर्जुनरावांच्या बायकोनं, छबुबाईनं विचारलं.

"तुला राजकारण कळत न्हाई."

"न्हाई कळत. जिलेबी कळती."

सव्वीसला झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं आणि 'जय हिंद' म्हणून गाव दोन कढयांकडं पांगलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच आश्रुबाच्या बाकड्यावर जागा शिल्लक राहिली. अर्जुनरावांनी तानाजीची पहिली जिलेबी तोंडात टाकली.

"बघा! ह्याला म्हणतेत आपल्या माणसाच्या हाताची चव."

तानाजी सरळ माणूस. "हात माझा हाय आबा, चव न्हाई. परवापासून थंडी लई पडली, माझं पीठ आंबलंच न्हाई. काल आश्रुबामामाकडं गेलतो. त्यांनी चुलीच्या उबेला आंबवलेलं आपलं निम्मं पीठ दिलं."

जिलेबी अर्जुनरावांच्या तोंडातच राहिली. गिळावी तर गट बघतोय, थुंकावी तर समोर झेंडा. शेवटी गिळली आणि ते तरातरा आश्रुबापुढं गेले.

"का दिलं रं पीठ? तुझं गिऱ्हाईक तोडाया आणला व्हता त्याला."

"म्हाईत हाय की." आश्रुबानं कढईवरची नजर काढली नाही. "दरसालच्या सवयीनं सगळ्या गावाचं पीठ भिजवून बसलो व्हतो. तुमच्या आळीतली लेकरं पहाटंपासून नटून बसतेत आबा. त्यांनी वातड जिलेबी खावी? मत तुमी कुणालाबी द्या, मी बी देतो. पण गाव निम्मं धरून पीठ भिजवाया मला येत न्हाई."

 

अर्जुनराव वळून म्हणाले, "तानाजी, कढई इकडं आण. ह्याच्या शेजारी."

"तेल उकळतंय, आबा."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणत ते स्वतःच आश्रुबाच्या बाकड्यावर बसले. गटाची माणसं थोडा वेळ थांबली. ही काही नवी खेळी तर नाही ना, याचा अंदाज घेतला, आणि एकेक करून आली. छबुबाईची तिथं दुसरी प्लेट चालू होती.

"आश्रुबा," अर्जुनराव खाली बघत म्हणाले, "पंधरा आगस्टला बी सगळ्या गावाचंच भिजव."

नागरिकहो, मतं वेगळी असावीत. त्यासाठीच तर निवडणूक असते. पण बटण दाबून झालं की बोट मोकळं होतं. त्या बोटानं शेजाऱ्याची जिलेबी उचलायला देशाची कसलीही हरकत नाही. झेंडा सगळ्यांचा असेल, तर त्याच्याखाली उभा असलेला प्रत्येक माणूस आपलाच आहे.